पूर्वेची भिंत

कासिमिराचं कौतुक करणं मला जड जातं, हे आधीच सांगून टाकते. तिच्या थोरल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता झाले, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि आमच्या गावात कोमाद्रेशी उघड भांडता येत नाही. म्हणून चौतीस वर्षं मी आतल्या आत जळत राहिले.

इथे मातीच्या विटा पाडून भिंती उभ्या करायच्या पुरुषांनी, त्यावरचा गिलावा मात्र बायांच्या हातचा. चिखलात गव्हाचं काड कालवायचं, नुसत्या तळहाताने लिंपायचं, मग मेंढीच्या कातड्याने पुसून घ्यायचं. तळहाताचे अर्धगोल भिंतीवर राहतात. कुठली भिंत कुणी लिंपली ते आमच्यातली कुणीही लांबून सांगते.

वरच्या उंचवट्यावर मिस हार्टवेल, त्या नावाजलेल्या चित्रकार बाई, राहायला आल्या आणि त्यांनी घर लिंपायला कासिमिराला निवडलं. माझं काम तिच्याहून तसूभर कमी नव्हतं. पण ती उंच, देखणी, हसतमुख. आणि मी, लुगार्दा, बुटकी, फटकळ, त्यात डावखुरी. पावसाने गिलावा झडतो, म्हणून दर जूनमध्ये ती पुन्हा लिंपायला वर जायची आणि बाईंच्या बागेतले जर्दाळू ओच्यात घेऊन सगळ्यांना दिसतील असे मिरवत उतरायची. मला दोन द्यायची. मी ते कोंबड्यांना टाकायची.

एका वर्षी ऐन कामात तिला ताप भरला. अंगणातली पूर्वेची एकच भिंत राहिली होती. बाई सांता फे शहराला गेल्या होत्या, म्हणून तिने गुपचूप मला पाठवलं. मी ती एका दिवसात हातावेगळी केली. बाई परतल्या, भिंत पाहिली आणि आठवडाभर तिच्यासमोर ठाण मांडून चित्र काढत बसल्या. भिंत आणि वर आभाळाची पट्टी, बस्स. ते चित्र आज न्यूयॉर्कला टांगलंय आणि बाईंच्या चित्रांच्या पुस्तकात त्याखाली छापलंय, भिंत लिंपणारी कासिमिरा व्हालदेस. ती काही बोलली नाही. मीही नाही. त्या घरात मात्र पुन्हा पाय ठेवला नाही.

बाई जाऊन बारा वर्षं झाली. आता लांबलांबून लोक ते घर बघायला येतात. वर्षातून एक रविवार घर फक्त गावकऱ्यांसाठी उघडतात, यंदा त्या दिवशी पूर्वेच्या भिंतीवर कासिमिराच्या नावाची पितळी पाटी लागणार, असं कळलं आणि माझं डोकं फिरलं. आज सगळ्यांदेखत बोलायचंच, असं ठरवून मी वर गेले.

घर दाखवणाऱ्या मुलीने अंगणात प्रत्येकाच्या हातात कागद आणि कोळशाची कांडी दिली. समोर दिसतंय ते काढा म्हणाली. अख्खा गाव भिंतीपलीकडची लाल टेकडी काढायला बसला. मीही बसले. कासिमिरा शेजारी येऊन टेकली.

“कोमाद्रे, ही टेकडी की फसलेला पाव?”

“तुझ्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय,” मी म्हटलं.

तेवढ्यात ती मुलगी कौतुकाने म्हणाली, “कासिमिरा आजींनी ही पूर्वेची भिंत दरवर्षी पुन्हा लिंपली, अगदी चित्रातल्यासारखी!”

मी मान वळवली. भिंतीवरचे अर्धगोल उलटे होते. डाव्या हाताचे. पण थरथरते, कुठे दाट, कुठे विरळ. माझा हात असा कधीच नव्हता.

“हे कुणी केलं?” मी हळूच विचारलं.

कासिमिराने नजर टेकडीकडे वळवली. “मीच. बाई दर जूनला म्हणायच्या, कासिमिरा, त्या वर्षीसारखी कर. मग काय करू? डाव्या हाताने करत बसले. खांदा गेला बघ माझा. आणि मेली एकदा तरी तुझ्यासारखी जमली असेल तर शपथ!”

“मग मला हाक मारायचीस! खाली शंभर पावलांवर तर राहते मी.”

“आणि तुला हाक मारल्यावर मला कुणी विचारलं असतं?” तिने कोळशाची कांडी खाली टाकली. “अख्खं घर लिंपलं मी, कोमाद्रे. एकवीस भिंती. माझ्या एकीसमोर तरी बसल्या का बाई कागद घेऊन? जा, सांग सगळ्यांना. मला तर सांगवत नाही.”

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? चांगला पोटभर झाला. मग तिच्या खांद्याकडे लक्ष गेलं. तो खरोखरच एका बाजूला उतरला होता.

मी त्या मुलीला हाक मारली. “पूर्वेची भिंत माझी आहे,” म्हटलं, “चौतीस वर्षांपूर्वी मी लिंपली. हिला विचार.” कासिमिराने मान खाली घालून हो म्हटलं. मुलीने लावायला आणलेली पाटी छातीशी धरली.

“ती पाटी त्या उत्तरेच्या भिंतीवर लाव,” मी म्हटलं. “ती हिची आहे. उजव्या हाताची.”

मग टेकडी अर्धवट सोडून मी कागद पालटला आणि उत्तरेकडे तोंड करून बसले. कितीही जळले तरी तिचे अर्धगोल शेवटपर्यंत एकसारखे होते.

“काय काढतेस?” कासिमिराने विचारलं.

“तुझी भिंत.”

तिने बाही डोळ्यांवरून फिरवली. मग म्हणाली, “नीट काढ हं. वाकडी आली तर लोक म्हणतील, लुगार्दाने लिंपली.”