पोटावरच्या पाच डागण्या

लढाईच्या दिवसांत शहाद्याला फौजेची भरती आली, तेव्हा मी कळसाडीत कापूस वेचून इतका विटलो होतो की शत्रू कोण हेही न विचारता जायला तयार होतो. मला बूट हवे होते आणि समुद्र बघायचा होता. भाऊबंदांनी निरोपाची जेवणं घातली. सात घरी मी मांडे हाणले. त्यामुळे परत येण्याची सोयच राहिली नव्हती.

गावातल्या एका जाणत्याने पढवून ठेवलं होतं, डॉक्टर जुने आजार विचारेल, सगळ्याला नाही म्हणायचं. मी म्हणत गेलो. हिवताप नाही, गोवर नाही, खरूज नाही. त्या भरात, आईबाप हयात आहेत का, यालाही नाही म्हणून बसलो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मला सोडायला आले होते आणि दारातच उभे होते.

डॉक्टर साहेबांनी सदरा काढायला लावला. बेंबीच्या वर ओळीने पाच डागण्या. आमच्याकडे तान्ह्या पोराचं पोट फुगलं की विळा तापवून चटका द्यायचे, आणि माझं पोट हट्टी निघालं होतं. मी म्हणालो, जन्मखुणा आहेत. पाचही एका ओळीत कशा, असं साहेबांनी विचारलं. मागच्या रांगेतली उघडी पोरं हळूच आपापली पोटं झाकू लागली.

तेवढ्यात आबा आत आले, वैद्यापुढे बसावं तसे मांडी घालून बसले आणि त्यांनी माझ्या जन्मापासूनच्या दुखण्यांचा पाढा वाचला. गोवर, पानथरी, तीन पावसाळ्यांचा हिवताप, बैलाची लाथ, नाकात अडकलेला चिंचोका. तो डाव्या नाकपुडीत होता की उजव्या, हे आठवायला ते बराच वेळ थांबले. साहेबही टाक धरून थांबले. शेवटी आबा म्हणाले, दर अमावस्येला याला फेफरं येतं. साहेबांनी माझ्या कागदावर काट मारली.

मला फेफरं कधीच आलं नव्हतं. परतताना मी गाडीत आबांकडे पाठ करून बसलो. रागाने रडू येत होतं, आणि त्या सात घरांना तोंड कसं दाखवायचं तेही कळत नव्हतं. गाव जवळ आलं तेव्हा राहवेना. बाकी सगळं खरं सांगितलंत, मग हे फेफरं कुठून काढलंत, असं मी विचारलं.

आबा बैलांकडे बघत म्हणाले, "तुले नही येस. तू गया ते मले येई."

आईबाप नाहीत असं मी साहेबांना सांगितलं होतं, ते तेव्हा आठवलं आणि फार लाज वाटली. मी पुढे सरकून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.