सालीचा डबा

आमच्या बांधाला बांध लागून ज्याचं शेत, तो गडी तालमीतला. मान बैलासारखी. तुरीवर औषध मारून आला, विहिरीवर हात धुतले, पाणी प्याला आणि बांधावर बसला तो बसलाच. मी पंप भरत होतो. "काय रं, दमलास व्हय?" म्हणून हाक मारली. छातीवर हात धरून तो माझ्याकडं नुसता बघत होता, तोंडातून लाळ. गाडी जुंपेपर्यंत संपला.

ही बहात्तरचा दुष्काळ सरून शेतं पुन्हा हिरवी झाली तेव्हाची गोष्ट. आमचं गाव अक्कलकोटच्या खाली. अळी तूर पोखरायची, फवारणी सोडून चालत नव्हतं. त्या गड्याला पोचवून आल्यापासून पाठीवर पंप घेतला की माझी छाती धडधडायची. मधेच एखादा ठोका चुकायचा. विषानं व्हायचं का भ्यानं, तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

बायकोचं माहेर भीमेकाठचं, कानडी बोलणारं. तिथं नदीच्या कडंला अर्जुनाची मोठी झाडं. ती त्याला होळेमत्ती म्हणायची. छातीच्या दुखण्यावर तिची आई त्याची साल उकळून द्यायची. तिनं गाठोडं भरून साल आणली, कुटली आणि रोज सकाळी दुधात उकळून पेला माझ्यापुढं.

"हे काय?"

"काळजाला ताकद येती. विख बाधत न्हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमाला लई कळतंय की! मग त्यो पैलवान का गेला, सांगा बघू."

मी तोंड वाकडं केलं की आधी स्वतः घोट घ्यायची. "बघा, मेले का? प्या आता."

वरचं निवळ मला. तळाचा गाळ ती प्यायची. टाकायचा कशाला, म्हणायची. आमच्याकडच्या बायका घरात उरलेलं सगळं असंच पोटात घालतात.

आता डब्याचं सांगतो. फवारणीचं औषध पत्र्याच्या डब्यात यायचं. झाकण घट्ट. डबा रिकामा झाला की कुणी टाकत नसे. राखेनं घासायचा, चिंचेनं घासायचा, उन्हात पालथा घालायचा, मग त्यात मीठ नाहीतर डाळ. घरोघरी फळीवर तेच डबे. "मुंगी शिवत न्हाय त्याला," असं बायका कौतुकानं सांगायच्या. मुंगी का शिवत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुटलेली साल बायकोनं असल्याच डब्यात ठेवली होती, घरातल्या सगळ्यात चांगल्या.

तूर काढून झाली, पंप माळ्यावर गेला, तरी माझी धडधड वाढतच चालली. साल संपत आली होती, तळाची ती खरवडून घेत होती. एका सकाळी चुलीपुढं वाकली ती उठेना. अंग घामानं चिंब, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, तोंडातून लाळ. ती लाळ मी बांधावर बघितलेली होती.

बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून मालट्रकला हात करून सोलापूर. डबा मी काखेत मारला होता, तिचा काढा चुकायला नको म्हणून. दवाखान्यात म्हणालो, "साहेब, जरा दूध मिळालं तर हे उकळून देतो. काळजाला चांगलं असतंय."

डॉक्टरनं झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि डबा लांब धरला. "ह्यात आधी काय होतं?"

सांगितलं.

"आणि हे तुम्ही रोज पिता?"

"धुतलाय की साहेब, राखेनं."

"पत्र्याच्या सांध्यात राख जाते का?" त्यानं नर्सला हाक मारून सुई भरायला लावली. मग म्हणाला, "साल वाईट नसेल. पण ती विषावर उतारा आहे, असं मी कधी ऐकलं नाही. आणि ह्या सालीत तर विषच कालवलंय."

मी तिचं मनगट धरून बसलो. एक ठोका पडला की दुसरा पडतो का नाही, ह्याचीच वाट. तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं? "अवं, काढा घेतला का?"

घरी येऊन डबा ठेचला, पुरला. शेजारणी म्हणाल्या, "एवढा चांगला डबा मातीत घातला, येडं झालंय." काहींनी आपले डबे रिकामे केले. बऱ्याच जणींनी नाहीत केले.

पुढं ती खूप वर्षं जगली. पण ती चुलीपुढं वाकली की मी ओरडायचो, "ए, उठ की!" ती म्हणायची, "मेले न्हाय अजून. भाकरी थापतीय."

गेल्या साली वाकली ती खरंच उठली नाही. हृदय बंद पडलं. मी डॉक्टरला त्या डब्याचं विचारलं. पोरगेला होता, म्हणाला, इतक्या वर्षांनी काय सांगणार, आजोबा.

साल मी अजून उकळतो, मातीच्या भांड्यात. वास घेतो, निवळ पितो. गाळ तळाला राहतो. टाकायला हात धजत नाही आणि प्यायचं भ्या वाटतं.