वजनकाट्याची खिडकी

त्या बाईनं माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा 'लव्ह' म्हटलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. नवरा लाजला, हे मला पाठमोऱ्या मानेवरूनही दिसलं. नंतर कळलं, की ती पोस्टमनलाही लव्ह म्हणते, बस ड्रायव्हरलाही म्हणते आणि आमच्या शेजाऱ्यांच्या मांजरालाही. पण ते कळायला दोन शनिवार गेले, आणि दोन शनिवार पुष्कळ असतात.

साल दोन हजार चार. आम्ही इंग्लंडमध्ये, स्लाऊला राहत होतो. नवरा ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत, मी ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एका वेअरहाऊसमध्ये. कुठली लॉरी कुठल्या दाराला, कधी लावायची, हे मी ठरवत असे. मुलगी बर्मिंगहॅमला युनिव्हर्सिटीत गेली, घर शांत झालं आणि नवऱ्यानं मॉडेल रेल्वेचा क्लब धरला. पन्नाशी-साठीची माणसं दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये जमून प्लायवूडवर छोटे रूळ टाकतात, डोंगर उभे करतात, वर्षातून एकदा प्रदर्शन भरवतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दारू नाही, पत्ते नाहीत.

क्लबनं पुढच्या लेआउटसाठी, म्हणजे प्लायवूडवरच्या नव्या मांडणीसाठी, दक्षिण वेल्समधली एक लाइन निवडली. कोळशाच्या खाणीपासून खाली जंक्शनपर्यंत जाणारी. खाण केव्हाच बंद पडली, रूळ उचलले, आता तिथे सायकलची वाट आहे. आराखडा करायचं काम नवऱ्यानं हौसेनं घेतलं, आणि त्याच्या मदतीला ही बाई आली. सत्तरीची, निवृत्त नर्स, त्याच खाणीच्या गावात जन्मलेली. वडील तिथल्या कोळशाच्या गाड्यांवर गार्ड. ती अकरा वर्षांची असताना कुटुंबानं गाव सोडलं. तिचा नवरा वारल्यावर त्याची छोटी इंजिनं क्लबला द्यायला म्हणून ती आली आणि तिथेच रमली.

हॉल शनिवारी मिळत नसे. आमची जेवणाची खोली लांब, म्हणून बैठक आमच्याकडे.

आराखडा म्हणजे कागदावरचं छोटं चित्र असेल अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. भिंतीला लावायच्या कागदाची गुंडाळी आणून त्यांनी ती जमिनीवर अठरा फूट उलगडली, आणि त्यावर सगळं मॉडेलच्या पूर्ण मापात आखायला घेतलं. जिथे एक रूळ फुटून दोन होतात त्या सांध्यांच्या झेरॉक्स कात्रीनं कापून चिकटवल्या. कॉर्नफ्लेक्सचं खोकं म्हणजे कोळसा चाळायची उंच शेड. तिच्या पोटाखालून वॅगन जाणार आणि वरून त्यात कोळसा पडणार. टूथपेस्टची खोकी म्हणजे कामगारांच्या घरांची रांग. दगडमातीचा ढिगारा म्हणून माझं इडलीच्या पिठाचं पातेलं पालथं घातलेलं होतं. महिनाभर मला ते परत मिळालं नाही.

"उचललंस तर खुणा पुसतील," नवरा म्हणाला.

"मग इडल्या तुमच्या ढिगाऱ्यातच करू का?"

"अगं, एक आठवडा."

पण माझं दुखणं पातेल्याचं नव्हतं. नवऱ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, त्यात तो त्या बाईचं बोलणं लिहून घेत असे. शाळेच्या खिडकीतून काय दिसायचं? घरांच्या दारांना कुठला रंग होता? वडील कामावरून आले की आधी काय करायचे? तिनं सांगितलं, आधी बूट काढायचे, मग चहा, मग आंघोळ, आणि तोवर कुणी एक शब्द बोलायचा नाही. नवऱ्यानं मान हलवत तेसुद्धा लिहिलं. ती घरून मनुका घातलेल्या गोल, चपट्या वड्या करून आणायची. दोन खाऊन तो म्हणाला, "अगदी आपल्या शंकरपाळ्यांची चव आहे." शंकरपाळ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. मीही एक खाल्ली. चांगली होती, याचाच राग आला.

आता माझी बाजू सांगते. मी चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढले. लग्न ठरवायला हे पुण्याहून आले तेव्हा पांढरा शर्ट घालून आले होते. बसण्याआधी त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली आणि रुमाल बघून घडी उलटी घातली. त्यांच्या आत्यानं विचारलं, "इथे कपडे वाळत घालता तरी कुठे?" यांनी स्वतः मला दोन प्रश्न विचारले. इंग्रजी बोलता येतं का, आणि पुण्यात राहायला आवडेल का. दोन्हीला मी हो म्हटलं. त्यानंतर तेवीस वर्षं झाली, तिसरा प्रश्न, त्या गावाबद्दलचा, आला नाही. माझ्या वडिलांबद्दल कुणी विचारलं तर हे सांगत, "सासरे कोळसा कंपनीत होते, ऑफिसात." आणि आता कुठल्या तरी परक्या गार्डाचा चहा आधी की आंघोळ आधी, हे निळ्या वहीत चाललं होतं.

मुलीचा फोन आला तेव्हा मी जरा बोलले.

"मम, तू जेलस आहे," ती म्हणाली.

"आहेस म्हण. आणि मी नाही."

"मम, ती सेव्हन्टी आहे! बाबा म्हणाला तिचा हिप पण नवीन केली."

"हिप नवीन असली तरी जीभ चांगली मुरलेली आहे."

ती इतकी हसली, की मी फोन कानापासून लांब धरला. तिला वाटलं ते तिला वाटू दे. मला ती बाई नवऱ्याला पळवून नेईल असं कधीच वाटलं नाही. नेलं असतं तर त्याच्या बीपीच्या गोळ्यांचं वेळापत्रक मी तिला लिहून दिलं असतं. मला हवे होते ते त्याचे प्रश्न. ते ती घेऊन चालली होती.

तिसऱ्या शनिवारी तिनं एक फोटो आणला. काळा-पांढरा, तळहाताएवढा. मधे चाळणीची शेड, तिच्या वरच्या अंगाला शाळेची भिंत आणि भिंतीलगत वॅगनची रांग, खालच्या अंगाला, जंक्शनच्या बाजूला, एक विटांचं खोपटं.

"या भरलेल्या गाड्या," ती शाळेकडच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाली. "वर्गातून रोज दिसायच्या. काळ्या कुळकुळीत. आणि हे खोपटं कामगारांचं चहाचं. दुपारी तिथे कायम चार माणसं उभी असायची."

नवऱ्यानं कागदावर तसं मांडलं. रिकाम्या वॅगन जंक्शनकडून येणार, चाळणीखालून जाणार, भरून शाळेकडे जमणार. त्याच्या लेआउटची खरी गंमत उतारात होती. वॅगन इंजिनाशिवाय, नुसत्या उतारावर, आपोआप चाळणीखाली सरकायला हवी होती, खऱ्या खाणीत सरकायची तशी. म्हणून त्यानं उतार शाळेकडे जाणारा काढला. प्लायवूड त्या उतारानं कापायचं, म्हणजे एकदा कापलं की कापलं.

मी चहाचे कप उचलायला वाकले आणि फोटो पाहिला. एका नजरेत कळलं, की सगळं उलटं आहे.

ते खोपटं चहाचं नव्हतं. तो वजनकाटा होता. खोपट्यासमोर रूळ थोडे तुटक दिसत होते, तिथे खाली तराजूचं ताट असतं. वॅगन त्यावर थांबते, आत माणूस वजन लिहितो. आणि वजन भरलेल्या वॅगनचं करतात, रिकामीचं करून काय मिळवायचं? म्हणजे भरलेल्या गाड्या खोपट्याच्या बाजूला, जंक्शनकडे. शाळेकडे उभ्या होत्या त्या रिकाम्या. काळ्या होत्या, कारण कोळशाची वॅगन रिकामी असली तरी काळीच असते. चाकांवरच्या स्प्रिंगा नीट पाहिल्या. भरलेल्या वॅगनची स्प्रिंग बसते, सपाट होते. या सगळ्या कमानीसारख्या होत्या.

मी कप उचलले आणि स्वयंपाकघरात गेले. काही बोलले नाही.

पुढचे दोन आठवडेही बोलले नाही. हे काही भूषणाचं नाही, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. प्रदर्शनात वेल्सचे म्हातारे येतील, कठड्याला पोट टेकून उभे राहतील आणि म्हणतील, अरे, ही खाण उलटी चालते! हे चित्र मी वेअरहाऊसमध्ये लॉऱ्या लावता लावता रंगवत असे. क्लबनं मंगळवारी आराखडा मंजूर केला. करवतवाला सभासद पुढच्या सोमवारी प्लायवूड कापणार होता. मधे एकच शनिवार.

त्या शनिवारी नवरा उतारावर शेवटची रेघ मारत होता. ती बाई खुर्चीवर बसली होती, कारण नवीन हिपमुळे तिला खाली बसता येत नसे. मी चहा ठेवला. ती अचानक मला म्हणाली, "तीन शनिवार झाले, तू हा फोटो बघतेस आणि तोंड मिटून आत जातेस. काय चुकलंय त्यात?"

"काही नाही."

"तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. 'काही नाही' म्हणणारं माणूस मला कळतं."

नवरा गुडघ्यांवरूनच म्हणाला, "तिला रेल्वेत रस नाही हो."

मग मात्र मी ट्रे टेबलावर आपटला. त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खोपटं म्हणून ठेवलेल्या काडेपेटीवर टेकवली. "हा चहाचा अड्डा नाही. हा वजनकाटा आहे. भरलेली वॅगन इकडे येते, रिकामी शाळेकडून. तुमचा उतार उलटा आहे. सोमवारी कापलंत तर जन्मभर उलटा राहील."

मग स्प्रिंगा दाखवल्या. रुळांतली फट दाखवली. बाईनं पर्समधून भिंग काढलं, फोटो नाकाशी धरला आणि बराच वेळ पाहिलं. मग इतक्या मोठ्यानं हसली, की पातेल्यावर ठेवलेली पट्टी घसरून पडली. "साठ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की आम्ही भरलेल्या गाड्यांच्या शेजारी शिकलो. रिकाम्या डब्यांशेजारी शिकलो तर!"

नवरा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"तुला कसं माहीत?"

"माझे बाबा एकवीस वर्षं काट्यावर होते. काटाबाबू म्हणायचे त्यांना."

"ते ऑफिसात होते ना?"

"काट्याच्या ऑफिसात. दहा बाय आठच्या. तुम्ही कधी विचारलंत?"

  त्यानं निळी वही ओढली, नवीन पान काढलं आणि खाली मान घालून विचारलं, "तुमच्याकडे रिकाम्या गाड्या कुठल्या बाजूनं यायच्या?"

तेवीस वर्षांनी आलेला तिसरा प्रश्न. आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या बाईनं खुर्ची पुढे ओढली. "सांग, सांग. मलाही ऐकायचंय. आणि उतार कमी पडला की काय करायचे तुमच्याकडे?"

प्रश्न चांगला होता. आमच्याकडे चौघं जण चाकाखाली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून वॅगन रेटत आणि बाबा खिडकीतून ओरडत, "हळू रे, काट्यावरून पळेल!" सगळं जिभेवर आलं होतं. पण मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुमची बस दहा मिनिटांत आहे."

"पुढची घेईन की, लव्ह."

"पुढची नेहमी उशिरा येते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, भिंग पर्समध्ये ठेवलं आणि उठली. तिला कोट मीच घालून दिला, उरलेल्या वड्यांचा डबाही धुऊन हातात दिला. दार लावून आत आले तेव्हा नवरा पेन्सिल घेऊन तसाच बसला होता. म्हटलं, "खुर्चीवर बसा, गुडघे दुखतील. आणि अक्षर नीट काढा." मग सांगायला सुरुवात केली. ते पहिलं सांगणं मला वाटून घ्यायचं नव्हतं. यात चूक असेल तर असू दे.

नवा आराखडा झाला, प्लायवूड योग्य बाजूनं उतरलं. क्लबनं काट्याचं खोपटं करायचं काम मला दिलं. मी पुठ्ठ्याचं केलं, विटांचा कागद चिकटवला, रुळाच्या बाजूला मोठी खिडकी ठेवली. बाजूच्या भिंतीत आणखी एक छोटी खिडकी कापली, बोटाच्या नखाएवढी. बाबांना गाडी असताना काटा सोडता येत नसे, म्हणून शाळेतून येताना मी डबा त्या बाजूच्या खिडकीतून आत सरकवत असे.

प्रदर्शनाच्या सकाळी ती बाई माझ्या शेजारी उभी राहिली. एक वॅगन शाळेकडून सुटली, चाळणीखालून गेली आणि काट्यापाशी येऊन थांबली, कुणीही हात न लावता. कठड्यापलीकडचा एक म्हातारा समाधानानं गुरगुरला. तिनं भिंग काढून खोपटं पाहिलं.

"आमच्या खोपट्याला ही बाजूची खिडकी नव्हती," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं.

तिनं भिंग मिटलं आणि पुन्हा त्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही.