अठ्ठ्याण्णव गुणांचं संकट

माझ्या नातीचं डॉक्टर होणं मी जवळजवळ हाणून पाडलं होतं, आणि तेही तिला गणितात अठ्ठ्याण्णव गुण मिळवून देऊन.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे सत्तरीच्या आत. गुडघे शाबूत होते आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री ओसंडून वाहत होती. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेली बाई उन्हाळ्यात अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे आली, की तिच्या हाताला काहीतरी काम हवंच असतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं. उरली रेवा.

रेवा त्या वर्षी कॉलेजात जायची होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथे डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी चार वर्षं कॉलेज करायचं, आणि त्यात गणितही घ्यायचं. हे ऐकून मी चाटच पडले. आमच्याकडची निम्मी मुलं डॉक्टर व्हायचं ठरवतात तीच मुळी अकरावीत गणितापासून सुटका व्हावी म्हणून!

"मग कुठलं गणित घेणार तू?" मी विचारलं.

"ते टेस्टवर आहे, आजी. ऑनलाइन प्लेसमेंट टेस्ट. आपल्याला किती येतं ते बघून ते क्लास देतात."

"म्हणजे सगळं आलं पाहिजे."

"नाही ना. जेवढं येतं तेवढंच दाखवायचं. त्यात पास-फेल काही नसतं."

पास-फेल नसलेली परीक्षा ही काय भानगड असते, ते मला आजही नीटसं कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवा डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि मी शेजारची खुर्ची ओढली.

"आजी, इथे लिहिलंय, कोणाची हेल्प घेऊ नका."

"म्हणजे बाहेरच्यांची. मी घरची आहे."

पहिली दोन गणितं तिची तिनेच सोडवली. (मी फक्त "हं" म्हणत होते. उत्तर बरोबर असेल तर आखूड "हं", चूक असेल तर लांब.) तिसऱ्या गणिताकडे तिने जरा वेळ पाहिलं आणि खालच्या एका बटणाकडे माउस नेला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'मला हे येत नाही.' मी तिचा हात धरला.

"हे काय करतेस?"

"मला हे येत नाही, आजी."

"अगं, पण ते त्यांना कशाला सांगायचं?"

'काहीतरी लिहा, पण पेपर कोरा देऊ नका' असं मी किती पिढ्यांना बजावलं असेल. आणि इथे अज्ञान कबूल करायला चक्क बटण! मी चष्मा पुसला आणि ते गणित सोडवून दिलं. उत्तर बरोबर आलं. लगेच त्याहून अवघड गणित आलं. तेही सोडवलं, तर त्याहून अवघड. ही परीक्षा आग्रह करणाऱ्या यजमानीणबाईंसारखी होती. पान जरा रिकामं दिसलं की वाढलंच.

"आजी, थांब ना. मला हे येतच नाही, मग ते मला ज्या क्लासमध्ये टाकतील तिथे मी काय करू?"

"तिथे गेल्यावर येईल."

एवढ्यात इंटिग्रेशन आलं आणि माझी गाडी अडली, कारण माझी शाळा दहावीपर्यंतच होती. मग मी जिन्याखाली उभी राहून मुलाला हाक मारली. निखिल वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करत होता. तो लॅपटॉप हातावर तसाच उघडा धरून खाली आला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"असू दे. हे बघ जरा."

"बाबा, प्लीज, तू वर जा," रेवा म्हणाली.

पण इंजिनियर माणसाला अर्धवट सुटलेलं गणित एकदा दिसलं, की तो हलत नाही. तीन-चार गणितं त्याने उभ्या उभ्या काढली. पुढच्याला मात्र तो डोकं खाजवत पुटपुटायला लागला, "याचं इंटिग्रल काय येतं यार..."

त्याच्या हातातल्या लॅपटॉपमधून रेडमंडच्या ऑफिसातला एक धीरगंभीर आवाज आला, "लॉग सीकंट एक्स, निखिल. अँड यू आर नॉट ऑन म्यूट."

त्यानंतर मीटिंग जी बाजूला पडली ती पडलीच. त्या पलीकडच्या मंडळींनाही बहुधा मीटिंगचा कंटाळा आलेला असावा, कारण ती सगळी हिरिरीने आमची गणितं सोडवायला लागली. रेवा मध्येच उठली आणि दुधातलं सिरियल खायला गेली. तिच्या जाण्याने कामात काही खंड पडला नाही.

शेवटी पडद्यावर आकडा आला. अठ्ठ्याण्णव.

मी साजूक तुपातला शिरा केला. शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कणसं भाजता भाजता प्रत्येकीला सांगितलं, "शिकवणी वगैरे काही नाही हो. उपजतच आहे."

मग कॉलेजात विषय निवडायचा दिवस आला. पालकांना बोलावलं होतं. मला बोलावलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

सल्ला द्यायला एक हसतमुख तरुण बाई होत्या. रेवाचा आकडा बघून त्या म्हणाल्या, "वॉव! तुला तर डायरेक्ट कॅल्क्युलस थ्री मिळालंय. क्लासमध्ये सगळी इंजिनियरिंगची मुलं असतील. मेजर सब्जेक्ट बदलायचा विचार आहे का?"

"नो," रेवा खाली बघत म्हणाली. "मला डॉक्टर व्हायचंय. मला स्टॅटिस्टिक्स हवंय."

"स्टॅटिस्टिक्स?" मी मराठीत किंचाळले. "ते कॉमर्सवाले घेतात!"

बाईंनी शांतपणे समजावलं. मेडिकलच्या प्रवेशाला पहिल्या वर्षापासूनचे सगळे ग्रेड धरतात. झेपत नसलेल्या वर्गात बसून 'सी' मिळवला, तर तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. डॉक्टर व्हायला स्टॅटिस्टिक्स आणि पुढे जमलं तर साधं कॅल्क्युलस पुरे. पण अठ्ठ्याण्णववाल्यांना त्यांचा कॉम्प्युटर खालचा वर्ग घेऊच देत नाही. एकच उपाय होता. टेस्ट पुन्हा द्यायची, आजच, इथल्या खोलीत, एकटीने. आणि त्यात साठाच्या खाली गेली तर पहिल्या सत्रातली केमिस्ट्रीही बंद. म्हणजे डॉक्टरकी वर्षभर मागे.

रेवाचा चेहरा उतरला. मी तिला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं.

"घाबरू नकोस. थोडी मुद्दाम चुकव. दर तिसरं गणित चूक, पण बेतानं." (कोणाला चुकायला शिकवण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. त्यातही मी पद्धत घालून दिली.)

"आजी, मी खरी खरी सोडवते," रेवा म्हणाली. "चुका आपोआप होतील."

ती आत गेली. निखिल आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो.

"आई, साठ पडतील ना तिला?"

"तू बाप आहेस. तुला माहीत पाहिजे."

"मला रेडमंडवाल्यांना किती येतं ते माहितीय," तो म्हणाला. "हिला किती येतं ते आपण बघितलंच कुठे?"

मी पर्समधली सुपारी तोंडात टाकली आणि बंद दाराकडे बघत बसले.

दार उघडलं. रेवा बाहेर आली ती हसतच. अठ्ठ्याण्णव आले तेव्हा ती अशी हसली नव्हती.

"सेव्हन्टी-वन! स्टॅटिस्टिक्स मिळालं, केमिस्ट्री मिळाली. अँड ऑल माइन, आजी. सगळे माझे."

मी तिला पोटाशी धरलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "एकोणतीस कुठे गेले?"

पुढच्या आठवड्यात मंडळात शोभाताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, रेवाला ते मोठं गणित मिळालं ना?"

"नाही. टेस्ट पुन्हा दिली तिने. एकाहत्तर पडले, पण एकटीचे," मी म्हटलं आणि आता काय ऐकावं लागतंय याची वाट बघत उभी राहिले. शोभाताईंनी माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं.

"आमच्या मुलाच्या सोहमलाही अठ्ठ्याण्णवच आहेत हो," त्या कुजबुजल्या. "तुमच्या रेवाचे गुण ऐकून आम्ही सगळे बसलो त्याच्याबरोबर. जावई तर पार्सिपनीहून फोनवर होते. आता तो रडतोय, मला हा क्लास झेपणार नाही म्हणून. त्यालाही मेडिकललाच जायचंय. त्याचं कॉलेज लांब, त्यामुळे पुन्हा टेस्ट घरूनच द्यायचीय, आणि आमच्या घरात कोणाला गप्प बसवत नाही. तुम्ही शाळेतल्या बाई. तुम्हीच या आणि बसा त्याच्याजवळ, म्हणजे कोणी मदतीला येणार नाही."

मी गेले. सोहमच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली. आईला परत पाठवलं, वडिलांना परत पाठवलं, फोनवर आलेल्या जावयांना पार्सिपनीतच थांबवलं. खुद्द शोभाताई चहाच्या निमित्ताने आल्या, तर चहा ठेवून घेतला आणि त्यांना घालवून दिलं. आत फक्त सोहम आणि मी. त्या मुलाचं भलं व्हावं म्हणून मी मन इतकं घट्ट केलं होतं, की पहिली दोन गणितं होईपर्यंत तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही.