आबांच्या नावावर घातलेली चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या दोन्ही मुलांचे टॅब पाण्यात गेले ते आबांच्या हातून नाही, माझ्या हातून. आणि चुकून नाही, मी ते समजून उमजून केलं. आबा म्हणजे माझे वडील. गेली दोन वर्षं त्यांना वाटतंय की ते त्यांच्याकडून झालं. मी तसं वाटू दिलं.

आमच्या घरात चौदा एप्रिलला, जयंतीला, लेकरांना शिक्षणाच्या उपयोगाची एखादी वस्तू द्यायची रीत आहे. ती आबांनीच पाडली. मला एका वर्षी कंपासपेटी मिळाली होती, बहिणीला शब्दकोश. कपडे सगळ्यांना सारखेच, पांढरे; पण वस्तू ज्याची त्याची. दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीला मी माझ्या मुलांना एकेक टॅब दिला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, मुलगा पाच. दौंडला आबांच्या घरी, वंदना झाल्यावर, सगळ्यांसमोर दिले. आबांनी दोन्ही खोकी उलटीसुलटी करून पाहिली आणि शेजाऱ्यांना सांगितलं की पोरानं नातवंडांना आख्खी लायब्ररीच आणून दिली. मी नुसताच हसलो.

खरं सांगायचं तर लायब्ररी वगैरे माझ्या डोक्यात नव्हती. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, राहतो शिरूरला. दिवसभर मशीनचा आवाज, लाईनवर कुणी ना कुणी गैरहजर, वरून साहेबांचे फोन, आणि घरात पाऊल टाकलं की दोन्ही पोरं अंगावर. मला तासभर शांतता पाहिजे होती. बरोबरच्या लोकांनीच सांगितलं, एकच घेऊ नको, भांडणं होतात, दोन घे. मी दोन घेतले. जयंतीचं निमित्त आयतंच मिळालं.

शांतता मिळाली. पहिले आठ-दहा दिवस मला ती आवडलीसुद्धा, हेही लिहिलं पाहिजे. मग ती डोक्यात जायला लागली. मुलगा घासाला तोंड उघडायचा, पण डोळे वर करायचा नाही. भाकरी खातोय की भात, हे त्याला ठाऊक नसायचं. मुलगी तिसऱ्या हाकेला "हं" म्हणायची. मी ओरडायचो, हिसकावून घ्यायचो, रडारड झाली की परत द्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायको शांतपणे म्हणायची, "अहो, दिले कुणी?" मग मी तिच्यावरच जास्त चिडायचो.

मे महिन्यात मुलं दौंडला गेली. आई गेल्यापासून आबा तिथं एकटेच राहतात. ते रेल्वेत कीमन होते. कीमनचं काम म्हणजे हातोडा घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा आणि रूळ धरून ठेवणारी चावी कुठं सैल झाली असेल तर ठोकून बसवायची. ऊन असो, पाऊस असो. एक चावी नजरेतून सुटली तर काय होईल, हे ते कधी बोलून दाखवत नसत. आपल्या हद्दीत कधी काही राहून गेलं नाही, एवढंच सांगायचे, तेही कुणी विचारलं तर. घरात कुणाची वस्तू सापडेना झाली की आई म्हणायची, यांना विचारा. आबा क्षणभर डोळे मिटायचे आणि जागा सांगायचे. ती तिथंच असायची.

आधीच्या सुट्ट्यांत मुलं संध्याकाळी त्यांच्याबरोबर पुलावर जायची आणि मालगाडीचे डबे मोजायची. त्या वर्षी दोघंही दिवसभर कॉटवर, मान खाली. आबांनी फोनवर एकदाही तक्रार केली नाही. त्यांनी फक्त एक नियम केला. दुपारी जेवायच्या वेळी दोन्ही टॅब मागून घ्यायचे, आपल्या टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचे आणि चार वाजता परत द्यायचे. "आता त्यांची डूटी संपली," म्हणायचे, आणि पोरं निमूट देऊन टाकायची. माझ्याकडे हीच पोरं हातपाय झाडायची.

एका गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, मी एसटीनं दौंडला गेलो. मुलांना पाहून तीन आठवडे झाले होते. शिरूरच्या स्टँडवरून भेळ बांधून घेतली होती. दारात उभं राहून हाक मारली. मुलानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा टॅबवरच्या खेळात मान घातली.

"पप्पा, थांबा ना. माझा माणूस मरंल."

आबा हसले. म्हणाले, आरं, दम धर जरा, त्याचा माणूस मरतोय. मी दम धरला. पण ते आत कुठंतरी बसलं. भेळ मऊ पडून गेली.

जेवणं झाली. आबांनी रोजच्यासारखे टॅब टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवले. मुलं कूलरपुढं झोपली. आबा गच्चीवर गेले. वर्षाचे गहू वाळत घातले होते, ते भरून घेतले. ज्या चादरींवर गहू पसरले होते त्या खाली आणून मोरीत साबणाच्या पाण्यात, टबात भिजत घातल्या, आणि चाळण आणायला शेजारी गेले.

मी उठलो. कपाट उघडलं. नुसते लपवून ठेवणार होतो असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं होईल. मी तो टॉवेल तसाच उचलला, मोरीत गेलो आणि चादरींच्या खाली दाबला. बुडबुडे आले. ते थांबेपर्यंत हात दाबून धरला. मग हात पुसले, कपाट लावलं आणि मुलांच्या शेजारी डोळे मिटून पडलो.

चार वाजता मुलांनी टॅब मागितले. आबांनी कपाट उघडलं, वरची फळी पाहिली, खालची पाहिली. मग डोळे मिटले. "वरल्या फळीवर. टावेलात," म्हणाले. अजिबात शंका नव्हती. शोधाशोध सुरू झाली, आणि टबातून बाहेर आलेलं टॉवेलाचं टोक मुलीलाच दिसलं.

ते पाणी गळणारं गाठोडं हातात घेऊन आबा मोरीच्या दारात उभे राहिले. मुलगा रडायला लागला होता. आबा त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलले.

"मी कपाटात ठिवले हुते."

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "असू द्या आबा. वय झालं, होतं असं."

त्यांनी गाठोडं उलगडून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "व्हय. चादरी भिजवताना मळका म्हणून टावेल बी कपाटातनं उचलला आसंल."

हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. माझ्या गुन्ह्याला लागणारा पुरावा त्यांनीच जुळवून दिला.

बरं, हे करून मिळवलं काय? काही नाही. शाळेचा अभ्यास मोबाईलवर यायचा, मुलगी बायकोचा फोन सोडायची नाही, मुलगा भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. दिवाळीला मीच पुन्हा दोन टॅब घेऊन आलो. आता दोघं माझ्यासमोर बसलेली असतात, मान खाली घालून. मी ओरडतो. बायको विचारते, "अहो, दिले कुणी?" सगळं होतं तिथंच आहे. बदलले ते फक्त आबा.

कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतात. गॅसच्या वर भिंतीला चिठ्ठी चिकटवली आहे, 'बंद केला का?' पुढच्या मेमध्ये मी फोन करून म्हणालो, मुलांना पाठवतो. ते नको म्हणाले. का, म्हणून विचारलं.

"माझा भरवसा न्हाई राह्यला. पोरं कुठं सोडली हेच इसरलो तर?"

बायकोनं हट्ट धरला म्हणून त्यांना शिरूरला आणून डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी वार, महिना विचारला. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच वस्तू सांगून दहा मिनिटांनी पुन्हा विचारल्या. आबांनी सगळं बरोबर सांगितलं आणि न विचारता आपल्या हद्दीतल्या पुलांचे नंबरही ओळीनं सांगितले. डॉक्टर हसून म्हणाले, बाबा, तुमची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे, आलात कशाला? तेव्हा आबांनी टॅबची हकिगत सांगितली. जेवायला काय होतं, कोण कुठं झोपलं होतं, चादरी किती होत्या, चाळण कुणाकडची, सगळं क्रमानं.

"तेवढं टावेल कवा उचलला, ते आठवत न्हाई. लई वेळा बसून बघितलं. ते येतच न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाकी सगळं लख्ख आठवतंय, मग एवढंच कसं जातं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "कधी कधी होतं त्यांना."

म्हणजे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा रागात होतो असं म्हणता येईल. दवाखान्यात राग नव्हता. गोळ्या लिहून दिल्या, ताकदीच्या. त्या ते वेळेवर घेतात आणि घेतली की कॅलेंडरवर खूण करतात.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. आबांचा फोन आला की हसत विचारते, "आबा, गॅस बंद केला का? टावेल कुठंय?" तिला ती गंमत वाटते. आबाही हसतात, म्हणतात, थांब हां, बघून येतो. फोन ठेवून ते खरंच बघायला जातात. त्यांच्या चपलांचा आवाज आम्हाला ऐकू येतो. मी तिला कधी गप्प केलेलं नाही, कारण का गप्प करता, असं तिनं विचारलं असतं.

हे लिहायला घेतल्यापासून मी दोनदा दौंडला जाऊन आलो. दोन्ही वेळा गव्हाचं आणि नळाच्या पाण्याचं बोलून परत आलो. आबांचं वय खरंच वाढतंय. उद्या ते खरंच विसरायला लागले तर माझं सांगणंही त्यांच्याजवळ टिकणार नाही.

बायकोच्या आणि दोन्ही मुलांच्या समोर आबांना एवढं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे: तुम्ही टॅब कपाटातच ठेवले होते. पाण्यात मी घातले.