न उघडलेल्या हॉटेलातली नोकरी

ती घटना आठवली की मला आजही आधी ढग आठवतात, आरोपी मागाहून.

तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवार-रविवार आमचा सगळा वेळ पर्यटकांच्या बंदोबस्तात जायचा. सोमवारी मात्र अख्खं गाव पांघरूण ओढून झोपल्यासारखं वाटायचं. भाद्रपद संपत आला होता. ढग रस्त्यावर उतरत, ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन रेंगाळत. घाटात रेल्वेगाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांचा आवाज यायचा, पण तो नेमका कुठून येतोय ते कळत नसे.

अशाच एका सोमवारी डोंगरावरच्या वाडीतले एक वयस्कर गृहस्थ आले. मजुरी करून पोट भरणारा माणूस. वाडीत त्यांना आबा म्हणत, मीही तेच म्हटलं. तक्रार नाही, साहेबांना फक्त एक सांगायचंय, असं ते ठाणे अंमलदाराला म्हणाले होते. माझ्यासमोर बसल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूहळू बोलू लागले. त्यांची मुलगी खंडाळ्याच्या नव्या हॉटेलात लागली होती. रोज सकाळी काळं जाकीट घालून, डबा घेऊन निघायची. पगार अजून नव्हता, ट्रेनिंग चाललंय म्हणायची. चुकलेली शेळी शोधता शोधता आबा त्या बाजूला गेले आणि जे दिसलं त्यानं हबकले.

"साहेब, तितं हाटेल न्हाई," ते म्हणाले. "नुसती भिताडं हायती. दारं न्हाईत, खिडक्या न्हाईत. पोरं-पोरी ताटं घिऊन फिरत्यात, वाकून वाढत्यात. ताटात काय न्हाई, अन् जेवाया बी कुनी न्हाई. मी लय भ्यालो."

पोरीला काही बाधा झाली असावी, असं त्यांच्या मनात होतं. देवऋषीकडे जायचं सोडून ते आधी आमच्याकडे आले, याचं मला कौतुक वाटलं. आपण सांगितलं हे तिला कळू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. स्टेशन डायरीत मी 'खात्रीलायक बातमीदाराकडून' अशी त्रोटक नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला हवालदार आणि मी साध्या वेशात निघालो. बंगल्यांची रांग संपते तिथून एक कच्चा रस्ता दरीकडे वळतो. त्याच्या टोकाला ती इमारत होती. मालकांच्या आपसातल्या भांडणात कोर्टाची स्थगिती येऊन बांधकाम कधीच थांबलं होतं, हे आम्ही आधीच काढून ठेवलं होतं. विटा शेवाळून हिरव्या झाल्या होत्या.

पहिल्या मजल्यावर मोठं दालन होतं, एक बाजू दरीकडे सताड उघडी. तिथून ढग आत येत होते आणि दुसऱ्या बाजूने निघून जात होते. त्या धुरकट उजेडात फळ्या जोडून टेबलं मांडलेली, त्यांवर इस्त्रीच्या पांढऱ्या चादरी. काळ्या जाकिटातली मुलं-मुली दबक्या पावलांनी ये-जा करत होती. एकजण पेल्यात सोनकीची पिवळी फुलं लावत होता. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. ढग दाट झाला की सगळी माणसं पुसली जायची आणि नुसत्या चादरी तरंगताना दिसायच्या.

एक मुलगी पुढे आली, किंचित झुकली आणि आम्हाला टेबलापाशी घेऊन गेली. कपाळाची ठेवण थेट आबांची. काय घेणार, असं तिनं विचारलं. मी चहा म्हटलं. तिनं ट्रे आणला, किटली तिरकी करून कपात ओतली, साखर किती ते विचारलं. कपात काहीच नव्हतं. का कोण जाणे, मी तो कप ओठांना लावला. माझ्या उभ्या नोकरीत मी इतक्या आदरानं दिलेला चहा प्यायलो नाही.

मग त्यांचे शिक्षक आले. मुलं त्यांना कॅप्टन सर म्हणायची. मोठ्या हॉटेलांत मेजवान्यांची व्यवस्था पाहणाऱ्याला कॅप्टन म्हणतात. पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात टाय, बुटांना चकचकीत पॉलिश आणि टाच मात्र उसवलेली. मी ओळख दिली. त्यांनी वाद घातला नाही. मुलांना टेबलं आवरायला सांगितली आणि आमच्यासोबत आले.

चौकशीत माणूस खोटं बोलत असला की विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतो, हा माझा अनुभव. हे गृहस्थ तेवढ्यास तेवढं बोलत होते. त्यांचं जुनं हॉटेल बंद पडलं आणि या वयात दुसरीकडे कोणी घेईना. एका एजंटाने नव्या हॉटेलच्या मुलांना शिकवायला नेमलं. पहिला पगार दिला, पुढे फोन उचलणंही बंद केलं. मुलांकडून नोंदणीच्या नावाखाली एजंटानेच पैसे उकळले होते. हे सगळं ते सरळ सांगत. फक्त एका गोष्टीवर अडून बसत.

"हॉटेल उघडणार आहे," असं ते म्हणत.

मी स्थगितीबद्दल सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मुलांना काय सांगितलंय, असं मी विचारलं.

"काही सांगता आलं नाही, साहेब. रोज ठरवून जायचो की आज खरं सांगू. पण मुलं माझ्याआधी येऊन चादरी अंथरून बसलेली असायची."

आता प्रश्न फिर्यादीचा होता. फसवणुकीच्या गुन्ह्यात फसलेल्याने पुढे यावं लागतं. मी एकेका मुलाला बोलावलं. सगळ्यांचं एकच उत्तर, आमची काही तक्रार नाही. फसलेला माणूस पोलिसांपुढे इतका शांत बसलेला मी पाहिला नव्हता. शेवटी महिला हवालदार आबांच्या मुलीला घेऊन मागच्या खोलीत बसली. तिच्यासाठी वडापाव मागवला, स्वतःच्या भरतीच्या गोष्टी सांगितल्या. बऱ्याच वेळानं मला आत बोलावलं.

"सर, हॉटेल होणार नाही हे आम्हाला कधीच कळलंय," ती मुलगी म्हणाली. "कॅप्टन सरांना वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही."

मग रोज कशासाठी जायचीस, असं मी विचारलं.

"घरी बसले तर लग्न लावून देतील. सकाळी डबा घेऊन बाहेर पडते, तोवर स्थळाचं नाव कोणी काढत नाही."

प्रत्येकाचं असंच काहीतरी होतं. एकाला वडिलांच्या नजरेसमोर बसवत नव्हतं, एकीला सासरी कमावती सून म्हणून मान मिळत होता. गुन्हा दाखल झाला की घराबाहेर पडायची ती सकाळ जाणार होती. मी तिच्यावर जोर केला नाही. एवढंच विचारलं, की एजंट अजून कुणाला बोलावतोय का. ती थबकली. तिच्या मावसबहिणीला येत्या रविवारी सोमाटण्याला मुलाखतीला बोलावलं होतं. हॉटेल, दवाखाना, गोदाम, विमानतळ, हव्या त्या क्षेत्रात नोकरी, असा मेसेज होता. तिनं उरलेला वडापाव कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मग फिर्याद लिहून घ्या म्हणाली.

रविवारी सोमाटण्याच्या एका मंगल कार्यालयात आम्ही सापळा लावला. दोन पंच आणि महिला हवालदार उमेदवारांत बसले. इस्त्रीचे शर्ट, ओले भांग, मांडीवर फायली. लग्नाला आल्यासारखी ती पोरं नटून बसली होती. एजंट तरुण आणि गोड बोलणारा होता. कुठे किती भरती चालू आहे हे त्याला तोंडपाठ, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. खऱ्यात खोटं मिसळणारा सापडायला सर्वांत कठीण.

आबांची मुलगी काळं जाकीट घालूनच गेली होती. ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, आमचं हॉटेल कधी उघडणार?"

एजंटाने तिला ओळखलं, हसला आणि न अडखळता दिवाळीनंतरचा मुहूर्त सांगून टाकला. वर नव्या मुलांना म्हणाला, बघा, ही आपली पहिली बॅच. पंचांसमक्ष तेवढं पुरेसं होतं. त्याला ताब्यात घेतलं तेव्हा दालनात कोणीच जागचं उठलं नाही. मुलाखत व्हायची राहिलीय, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

संध्याकाळच्या आत मी वाडीवर गेलो. मुलगी ओट्यावर उभी होती, चेहरा उतरलेला. मी आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"म्हंजी तिला नोकरी न्हाई," ते म्हणाले.

नाही, मी म्हटलं. आता स्थळाचा विषय निघणार असं वाटून मी शब्द जुळवू लागलो. आबांनी मुलीच्या जाकिटाकडे पाहिलं.

"मग उद्या सकाळच्याला कुटं जाईल ती?" त्यांनी मला विचारलं.

मुलगी आत निघून गेली. ती रडत होती, पण दुःखानं नव्हे, एवढं मला कळलं.

त्या प्रश्नाचं उत्तर कॅप्टन सरांनी दिलं. चौकशीत त्यांचा काही फायदा झाल्याचं आढळलं नाही, म्हणून ते साक्षीदार झाले. मग मुलांना सोबत घेऊन ते हमरस्त्यावरचं एकेक हॉटेल पालथं घालू लागले. हंगामात माणसं मिळत नाहीत म्हणून रडणारे मालक या मुलांना पाहून चकित झाले. काहीजण तळेगावच्या गोदामांत लागले, एकदोघं कुठेच लागले नाहीत. आबांची मुलगी तळेगावातच म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेत गेली. हॉटेल नको म्हणाली.

निवृत्तीनंतर लोक मलाही विचारतात, साहेब, सध्या भरती कुठे चालू आहे? मी सांगतो, रुग्णसेवेला माणसं हवीत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरात हवीत, मालवाहतुकीत हवीत, आणि नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. पण हे सांगताना मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. बेकार माणसाचा पगार जातो हे मला आधीही माहीत होतं. त्याची सकाळ जाते, हे त्या प्रकरणानं शिकवलं. ती परत मिळेल असं कोणी नुसतं भासवलं, तरी शहाणी माणसं डोळे उघडे ठेवून त्याच्यामागे जातात. म्हणून फसलेल्याला मी पुन्हा कधी मूर्ख म्हटलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा कॅप्टन सर साक्षीला आले. नाव झालं, वय झालं. मग व्यवसाय विचारला. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. स्वतः त्यांना तोवर कुठेही नोकरी मिळालेली नव्हती. मागच्या बाकावर त्यांची मुलं कामावरून रजा काढून बसली होती.

"शिक्षक," ते म्हणाले, आणि तशी नोंद झाली.