‘बरां नाय’ म्हणायला शिकलेली मुलगी

त्या वर्षी बांगडा आमच्या किनाऱ्याकडे फिरकलाच नाही. आमची होडी वाळूवर उपडी पडून होती आणि नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जात होता. सासूबाई मासळी सुकवून बाजारात विकत. मी सकाळी पतपेढीत जायचे आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी. बी.कॉम. झाले, ते आजही मान वर करून सांगते. पण घरातलं पोर रोज थोडं थोडं सुकत चाललंय, हे बघायला आमच्यापैकी कोणालाच सवड नव्हती.

माझी मुलगी दर्शना तेव्हा आठ वर्षांची. ती काळवंडत गेली. सासूबाई म्हणाल्या, “उन्हातान्हात भटाकता, काळां होतलांच.” शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची. आणि मीठ खायची. सुकत घातलेली मासळी उचलून चाटायची, कैरी नसली तरी नुसतं मीठ जिभेवर ठेवायची. दुसऱ्या एखाद्या घरात हे लगेच कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. सुक्या मासळीच्या घरात मीठ चाटणाऱ्या पोराकडे कोण बघणार? “खाव दे गो, दर्यावर्द्याचां चेडू ता,” दर्यावर्द्याची पोर म्हणून आम्ही हसायचो.

मग एका तापात उलट्या सुरू झाल्या आणि ती शुद्ध हरपून पडली. मालवणच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, तिच्या हिरड्या पाहिल्या, तळहाताच्या रेषा पाहिल्या. हिरड्या जांभळट काळ्या होत्या. ते म्हणाले, “हा रंग उन्हाचा नाही. उन्हात हिरड्या काळ्या होत नाहीत. आजच गोव्याला न्या.”

गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात रक्त घेतलं, पुन्हा घेतलं. बाहेरच्या बाकावर बसून मी दाराकडे बघत राहिले. दार उघडलं की उठून उभी राहायचे. शेवटी मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. “अ‍ॅडिसन्स डिसीज.” मी ते लिहून घेतलं, मग अर्थ विचारला. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांना अ‍ॅड्रीनल म्हणतात. अंगातलं मीठ धरून ठेवणारं आणि आजारात शरीराला उभं करणारं हार्मोन त्या तयार करतात. माझ्या मुलीच्या ग्रंथी ते काम सोडून बसल्या होत्या. म्हणून ती मीठ शोधत फिरत होती.

“गोळ्या जन्मभर,” बाई म्हणाल्या. “ताप आला तर डोस वाढवायचा. उलटी झाली तर गोळी टिकत नाही, मग इंजेक्शन मांडीत तुम्हीच द्यायचं. उशीर झाला तर मूल हातातून जाऊ शकतं.”

मी इंजेक्शन शिकले. गोळ्यांच्या वेळा कधी चुकवल्या नाहीत. तरी पोर मलूल ते मलूलच. दुपारी शाळेतून येताना वाटेत बसायची.

पुढच्या खेपेला बाईंनी दोन कागद काढले. एक माझा, एक दर्शनाचा. दर्शनाच्या कागदावर पाच चेहरे होते, अगदी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्याला त्या क्वालिटी ऑफ लाइफ मोजणं म्हणत. म्हणजे रक्तातला आकडा सोडून, मुलाचा दिवस कसा जातो ते मुलाच्याच तोंडून मोजायचं. “रक्त मला त्या घटकेचं सांगतं,” बाई म्हणाल्या. “बाकीचं हिलाच सांगावं लागेल.”

कसं वाटतंय, म्हणून त्यांनी कोकणीत विचारलं, “तुका कशें दिसता गो?”

“बरां आसा,” म्हणून दर्शनाने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. शाळा? हसरा. खेळ? हसरा. पाय दुखतात? हसरा. मी मध्येच बोलायला गेले, तर बाईंनी मला हाताने थांबवलं. मग माझा कागद तिच्या कागदाशेजारी ठेवला. मी प्रत्येक ओळीत ‘नेहमी थकलेली’ लिहिलं होतं.

“या दोन वेगळ्या मुली आहेत,” त्या म्हणाल्या. “मी औषध कोणाला देऊ?”

मला बाहेर बसवून त्या तिच्याशी बोलल्या. मग मला आत घेऊन तिला म्हणाल्या, “आता आईक सांग.”

दर्शना खाली बघून म्हणाली, “बाबा दर्यार गेल्यार बरां नाय म्हणूचां नसता. आजयेन सांगल्यान.” मग हळूच, “आणि बाबा तर रोजच जातत.”

घरातला माणूस समुद्रावर असताना वाईट शब्द काढायचा नाही, ही आमची पिढ्यान् पिढ्यांची रीत. तांदूळ संपले तरी ‘वाढले’ म्हणायचं. मोठ्यांना त्यातून वाट काढता येते. आठ वर्षांच्या पोराने ती रीत शब्दशः पाळली होती, आणि तिच्या आजारात गप्प राहणंच जिवावरचं होतं. रात्री तिला मळमळलं आणि तिने बापासाठी तोंड मिटून घेतलं, तर? येताना एसटीत मी तिचा हात सोडला नाही.

घरी येऊन सासूबाईंना समजावायला गेले, तर भांडणच झालं. “चार बुकां शिकलंस म्हणान दर्याक शिकवतलंस?” मी ग्रंथी सांगितल्या, हार्मोन सांगितलं. त्या सुपातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत राहिल्या. खरं तर त्याही घाबरल्या होत्या. त्यांचा एक भाऊ समुद्रातून परत आला नव्हता. इकडे मुलगा, तिकडे नात, कोणाच्या जिवावर बेतेल असा शब्द काढायचा?

शेवटी मी म्हटलं, “आये, मगे तुमीच दर्याक गाऱ्हाणां घाला. तेका सांगून ठेवा.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हे मात्र त्यांना पटलं. आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली विनंती, बहुतेक पुरुषच घालतात. पण दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः नारळ घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या. होकार द्यायला शेजारणीही जमल्या.

“बा दर्या म्हाराजा, ह्या लेकराक दुखणां आसा. बरां नसलां तर ता बरां नाय म्हणतलां. ता मनार घेव नको. आमच्या माणसांच्या आड येव दी नको.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि गोव्याच्या डाक्टरणीक येस दी!”

“व्हय म्हाराजा!” दर्शनाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पुढच्या खेपेला तिने चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दुपारनंतर पाय गळतात, खेळताना डोळ्यांपुढे अंधारी येते, सगळं घडाघडा बोलली. मुलीने वाईट सांगितलं म्हणून सुखावलेली पहिली आई मीच असेन. बाईंनी दुपारची गोळी वाढवली, वेळ बदलली. महिन्याभरात ती वाटेत बसायची थांबली.

तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढं करा. डॉक्टरांना त्याला एकट्याला विचारू द्या, आणि आपला कागद नंतर भरा. उत्तर कायम गोडच येत असेल, तर घरात कोणता शब्द बंद आहे ते शोधा.

दोन वर्षांनी, पावसाळ्यानंतर आमची होडी पहिल्यांदा पाण्यात जायची होती. पूजा झाली होती, माणसं होडीला हात लावून उभी होती. दर्शना पांढरीफटक होऊन पुढे आली. “बाबा, माका बरां नाय. दोनदा उलटी झाली.”

एक म्हातारा खलाशी पुटपुटला, “आजच मुहूर्त गावलो तुका?”

सासूबाई त्याच्यावर ओरडल्या, “गप रव मेल्या! दर्याक आधीच सांगलेलां आसा. सुई हाड गो!”

मी सुई आणून तिथेच, वाळूवर, तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. होडी गेली, नवरा गेला नाही. रिक्षाने ओरोसच्या सरकारी हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत मी तिची नाडी धरून होते. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, “वेळेत सांगितलंत म्हणून वाचली.” मी म्हटलं, “मी नाही, तिने सांगितलं.”

गोव्याच्या बाईंचे, त्या मालवणच्या डॉक्टरांचे आणि माझ्या सासूबाईंचे उपकार आहेत. दर्शना आता आठवीत आहे. गोळ्या चालूच आहेत, काळजीही गेलेली नाही. पण ती आपला कागद स्वतः भरते, मी बाहेर बसते, आणि तिला बरं नसतं तेव्हा ती ते सांगते.